डावीकडची आग

शेवटची आंघोळ घालता घालता सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला.

"हेमांगी, ही जिवंत आहे गं! छाती गरम लागतेय हिची. डॉक्टरांना बोलाव!"

जमलेल्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. बाहेर तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबले. हेमांगी मात्र जागची हलली नाही. धाकट्या जावेचे, विशाखाचे, दोन्ही स्तन कॅन्सरपायी काढावे लागले, तेव्हा बसवलेले इम्प्लांट नव्या तऱ्हेचे होते. छातीत थंड गोळे वागवल्यासारखं वाटू नये म्हणून ते आतल्या बॅटरीवर अंगाइतकेच उबदार राहत. सासूबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई, ते यंत्र आहे," हेमांगी हळूच म्हणाली. "माणूस गेलं तरी ते गरमच राहतं."

सासूबाईंनी विशाखाच्या छातीवरचा हात काढून घेतला.

वर्षभर विशाखा सांगत होती, "ताई, डावीकडे जास्त भाजतं हो." डॉक्टर दर वेळी हसून म्हणायचे, "अहो, ते गरमच असतं. तसंच बनवलंय." डाव्या इम्प्लांटभोवती नवाच कॅन्सर वाढतोय हे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

हेमांगीने तांब्या उचलून बाजूला ठेवला. विशाखाच्या छातीवर तिने आधी उजवीकडे हात ठेवला, मग डावीकडे.

दोन्ही बाजू अगदी सारख्याच कोमट होत्या. डावीकडची ती जास्तीची आग यंत्राची नव्हतीच. ती विशाखाची होती आणि तिच्याबरोबरच विझली होती.