ऋता मराठीत बोलली

"आई, आधी तो फोटो काढून टाक," ऋता म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली.

डायनिंग टेबलाशी मेथी निवडणाऱ्या आईचा हात जागीच थांबला. एरवी या मुलीचं उत्तर म्हणजे सिंगापुरी इंग्रजीतलं 'ओके लाह', नाहीतर 'कॅन, कॅन'. पण इंग्रजीत सांगितलेलं आईच्या डोक्यावरून जातं, हे ऋताला आठवडाभरात पुरतं कळलं होतं. 'प्लीज डिलीट' म्हटलं की आई 'हो गं' म्हणायची आणि फोटो तिथेच. म्हणून आज ती बिशान स्टेशनपासून घरापर्यंत वाक्यं घोकत आली होती.

फोटो नोव्हेनाच्या दवाखान्यातला. पाठीचा कणा आणखी वाकू नये म्हणून ऋताला प्लास्टिकचा कडक ब्रेस बसवला, तो आईने टिपला आणि पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, 'आमची शूर मुलगी' म्हणून. आत्याने लगेच हळदीचं दूध सुचवलं, काकांनी भुजंगासन.

"शाळेत कुणालाही माहीत नाही, आई. मी मुद्दाम ढगळ शर्ट घालते. पेन खाली पडलं तर वाकता येत नाही, मग पायाने सरकवत आणते. दिवसभर सगळ्यांना हसवत राहते, म्हणजे कुणी पाठीकडे बघत नाही. पाठ माझी आहे ना? मग कुणाला सांगायचं ते मी ठरवणार. तू मला विचारायला हवं होतंस गं."

शेवटचं वाक्य संपवून तिने आईकडे पाहिलं. आईचे डोळे भरून आले होते. फोन तर तिने केव्हाच हातात घेतला होता. ऋताला वाटलं, चला, काढतेय एकदाचा फोटो.

"पाठवला," आई नाक ओढत म्हणाली.

"काय पाठवला?"

"व्हिडिओ! किती सुंदर बोललीस गं! मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ती स्मिता नेहमी म्हणते ना, इथल्या मुलांना मराठी येतच नाही. ऐक म्हणावं आता!"

मंडळाच्या ग्रुपवर सिंगापुरातली झाडून सगळी मराठी घरं होती. स्मितामावशी म्हणजे राजसची आई. राजस ऋताच्याच वर्गात.

"आई! डिलीट! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, थांब तरी. बघ, सगळे काय म्हणतायत!"

फोन टणटणायला लागला होता. आई एकेक मोठ्याने वाचू लागली. बुकित पंजांगच्या नीलिमाकाकू: 'अस्खलित! आईवडिलांचे संस्कार.' स्मितामावशी: 'राजसला समोर बसवून दोनदा ऐकवलं. म्हटलं, शीक जरा.' आणि मंडळाचे सेक्रेटरी निशिकांतकाका: 'गणपतीत स्टेजवर हेच बोल, बेटा. ब्रेस ड्रेसच्या वरून घातलास तर लोकांच्या काळजाला भिडेल.'

ऋताला मटकन खाली बसावंसं वाटलं. ब्रेसने तेही करू दिलं नाही. ती खुर्चीत ताठच्या ताठ बसली, एखाद्या पारितोषिक समारंभात बसावं तशी.

"चुकलं हं माझं," आई तिच्या गालावरून मेथीचा हात फिरवत म्हणाली. "आता तुला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. काका थांबलेत. सांग, काय कळवू?"

ऋताने तोंड उघडलं. घोकलेलं सगळं संपलं होतं.

"अप टू यू, लाह."

"अंहं, मराठीत," आई म्हणाली आणि तिने फोन पुन्हा ऋतासमोर धरला.