लाल चिंधी

थायलंडहून आणलेल्या माझ्या कॅटलिया ऑर्किडला सहा वर्षांनी पहिली कळी आली. कळीच्या वजनानं दांडा वाकला, म्हणून काल घाईत फवारणीच्या पंपाला बांधलेली लाल चिंधी सोडवून मी तिनं तो काडीला बांधला. नंतर पंपाला दुसरी बांधायची राहिली. आज इंदापूरच्या शाळेत शिकवून परतले, तर सासूबाई खुशीत होत्या. “आसिया, तुझ्या फुलावर पाणी फवारलं गं. उरलेलं कोथिंबिरीवर मारलं.” “कुठल्या पंपानं, अम्मी?” “बिनचिंधीच्या. मला वाचता येत न्हाय, म्हणून तर माझ्या नईमनं तणनाशकाच्या पंपाला चिंधी बांधलीया. त्यो पंप रानात नेला असंल.” व्हरांड्यात समोर ‘तणनाशक’ लिहिलेला पंप उभा होता आणि दाराआड दुसरा, दोन्ही बिनचिंधीचे. माझी नजर कळीवरच्या थेंबांवर खिळली. सहा वर्षं वाया गेली. आतून चार वर्षांच्या लेकीनं हाक मारली, “मम्मी, दादीनं वाटलेली हिरवी चटणी मी सगळी चाटूनपुसून खाल्ली!”