दारातल्या चपला

"माणूस लपतो रे, त्याच्या चपला दारातच राहतात," सीआयडीत असताना हा धडा आप्पांनीच विजयकरला दिला होता. आप्पांना पेन्शन लागून वर्षं लोटली, आणि आज तोच विजयकर त्यांच्या गिरगावातल्या चाळीचा जिना चढत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चापासून फरारी असलेला आप्पांचा मुलगा कमलाकांत नुकताच येऊन माळ्यावर दडला होता. चपला मात्र बाहेरच! आत न्यायला वेळ नव्हता. आप्पांनी त्या स्वतःच्याच पायांत सरकवल्या. "ये, मी देवळातच निघालो होतो." "कमलाकांत आलाय, आप्पा?" "महिनाभर तोंड दाखवलं नाही कार्ट्याने." "येतो मग," विजयकर म्हणाला. सुटलो, असं आप्पांना वाटलं, एवढ्यात तो सवयीने गुरूच्या पाया पडायला वाकला. चपला चांगल्या दोन बोटं मोठ्या. त्याचा हात त्या रिकाम्या टाचांपाशी थबकला. वाकलेल्याला आशीर्वाद द्यायचा असतो. आप्पांनी हात जोडले.