गोळी कुठं अडते

माझी बायको मालन गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात क्लबातल्या केतकीला रायफलची नळी कशी निवडावी, यावर फोनवर भाषण देत होतो.

कोल्हापूरचा अख्खा नेमबाजी क्लब मला नळीतला उस्ताद मानतो. नव्या नळ्या आल्या की मी चष्मा चढवून त्या उजेडाकडे धरायचो आणि हुंकार द्यायचो. घरी नेल्यावर मात्र मालन डोळे मिटून शिशाची गोळी गजानं हळूहळू नळीतून ढकलायची.

"इथं अडतीया. ही परत पाठवा. ही एकसारखी जातीया, ही ठेवा. आता जावा उस्ताद, निकाल सांगा."

मी क्लबात जाऊन सांगायचो.

मालनचा तेरावा उरकला आणि काल केतकी दोन नळ्या घेऊन घरी आली. "काका, स्पर्धा महिन्यावर आली. यातली एक तुम्हीच निवडा."

ती परतल्यावर मी गोळी ढकलली. दोन्हींतून सारखीच गेली. मग डोळे मिटून ढकलली. बोटांना काही कळलं नाही, फक्त गज पायावर पडला.

आज तिचा फोन आला. मी सवयीनं हुंकार दिला. "बघतोय अजून."

नळी निवडायची राहिली आहे. उस्ताद कोण होतं, हे केतकीला सांगायचंही राहिलं आहे.