गरम खुंटा

१९८६च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीची एक होडी आली. देवमाशांची शिकार करणाऱ्या स्कॉटिश जहाजावरची. तिचं लाकूड तपासायचं काम पद्मजा नेर्लेकरकडे होतं आणि पद्मजाचा अंदाज सहसा चुकत नसे.

होडीच्या पुढच्या टोकाला एक जाड खुंटा होता. भाला लागलेला मासा पळू लागला की भाल्याचा दोर या खुंट्याला वेढे घेत सुटायचा आणि घर्षणाने खुंटा तापायचा. आता दोर नव्हता, तरी खुंटा रोज सकाळी गरम लागायचा.

तिने इमारतीचं हीटिंग बघणाऱ्या गिरीश तळवलकरला बोलावलं.

"पाइप आठवडाभर बंद आहेत, पद्मजाताई," तो म्हणाला. "मी स्वतः चेक केलेत."

"मग ऊन असेल."

"इथे खिडकीच नाहीये."

कारण सापडणार, याची तिला खात्री होती. ती होडीत चढली आणि तिने खुंट्याला हात लावला. तो लगेच मागे घ्यावा लागला. लाकडातून धूर निघत होता.

"असं झालं की खलाशी काय करायचे?" गिरीशने विचारलं.

"पाणी ओतायचे," ती शांतपणे म्हणाली. "ती फरशी पुसायची बादली दे."

तिने पाणी ओतलं. ते खाली पडलं नाही. खुंट्याला तीन वेढे घेऊन, बोटभर जाडीची ओली रेघ होऊन, ते हवेतून सरळ समुद्राकडच्या दाराकडे धावत गेलं. मग रेघ ताठ झाली.

"ताई, उतरा," गिरीश म्हणाला.

तोवर होडीने जागा सोडली होती.