उभी रेघ

मुलीने ट्रकचे गणित दोन ओळींत सोडवले होते. सर लाल पेन धरून वहीकडे पाहत बसले.

बारा टनांचा ट्रक, ताशी चोपन्न किलोमीटर वेग, ब्रेक लावल्यावर साडेबावीस मीटरवर थांबतो. ब्रेकचे बल किती? आदल्या दिवशी सरांनी पाऊण तास गतीची समीकरणे मांडून, त्वरण काढून, मग बल काढून दाखवले होते. इथे त्वरणाचा पत्ताच नव्हता. गतिज ऊर्जा काढून तिला अंतराने भागले होते. साठ हजार न्यूटन. बरोबर.

"ही पद्धत कोणाची?"

"काकांची. ते म्हणाले, ब्रेकने किती कार्य केलं तेवढंच बघ, बाकी पाल्हाळ कशाला."

काका म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. डिप्लोमा अर्धवट सोडून तो कारखान्यात क्रेन चालवत असे.

"क्रेनचा दांडा ओढता आला म्हणजे भौतिकशास्त्र आलं, असं नसतं."

"तुम्ही असंच म्हणाल, असं काका म्हणाले होते."

"मग शिकवणीही त्याच्याकडेच लाव."

"रागावू नका ना, बाबा. तुमचं पाठ होतं. त्यांचं डोक्यात बसतं."

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. भावाची चूक सापडेपर्यंत सर मागची पाने उलटणार होते.

चेंडूच्या गणितापाशी ते थांबले. दोनशे ग्रॅमचा चेंडू सेकंदाला पंधरा मीटर वेगाने भिंतीवर आदळतो, दहाच्या वेगाने परततो. स्पर्श दोन शतांश सेकंदाचा. अक्षर त्यांचे स्वतःचे होते; परवा त्यांनीच ते घाईत सोडवून दिले होते. पंधरा आणि दहा यांच्यामधल्या आडव्या रेघेवर आता एक बारीक उभी रेघ होती. पाचाच्या आधी दोन. उत्तरातल्या पन्नासाच्या आधीही दोन.

अडीचशे न्यूटन. परतणाऱ्या चेंडूची दिशा उलट, म्हणून वेगांची वजाबाकी नव्हे, बेरीज. हे विसरणाऱ्या मुलांचा सर सव्वीस वर्षे एक गुण कापत आले होते.

"ही रेघ कोणी मारली?"

"मी." मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली, "काका म्हणाले, शाई तीच वापर. तुमच्या लक्षात यायला नको."

सरांनी पेनाला टोपण लावले.

"अशा आणखी किती आहेत?"

मुलीने वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली.