परतीचा फोटो

इंग्लंडच्या थंडीत हवाई तळाच्या कुंपणाशी शिडी लावून सत्तरीचा ट्रेवर सकाळपासून उभा होता. पाय भरून आले होते. पण छंदाचा नियमच तसा: जाणाऱ्या विमानाचा फोटो काढला, की परतीचाही काढायचा. ते कुणाची घरं पाडून आलं, हे विचारायचं नाही, हाही नियमच. विमान उतरलं, कॅमेरा खटखटला. चहाच्या गाडीवरची हनान त्याचा कप घेऊन आली. ही विमानं ज्या शहरावर जात, तिथली तिची बहीण दुपारपासून फोन उचलत नव्हती. "काका, सकाळी पंखांखाली बॉम्ब होते. आता?" "फोटो हलला गं." "तुमचा? 'माझा एकही फोटो हलत नाही' म्हणून रोज फुशारक्या मारता की!" त्यानं कॅमेरा पुढे केला. फोटो लख्ख होता. पंखांखालचा स्क्रूसुद्धा दिसत होता. बॉम्ब तेवढे नव्हते. हनान चहा परत घेऊन गेली.